बोलकी पाने

आपल्याकडील शालेय इतिहासात अमेरिकेच्या वाट्याला फार तर तीन धडे येतात. १४९२ मध्ये कोलंबस हिंदुस्थानाकडे निघतो आणि पोहोचतो भलतीकडेच. १७७६ मध्ये तेरा वसाहती स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढतात. १८६१ मध्ये उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटते आणि लिंकन गुलामांना मुक्त करतो. पंचवीसहून अधिक वर्षे मी हे धडे याच क्रमाने शिकवीत आलो. या क्रमातील एक उणीव मुलांच्या सहसा ध्यानात येत नाही आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे ती माझ्याही ध्यानात आली नव्हती. पहिल्या धड्यात जी माणसे किनाऱ्यावर उभी असतात ती दुसऱ्या धड्यात दिसेनाशी होतात, आणि तिसऱ्या धड्यात तर त्यांचे नावही निघत नाही. मधल्या काळात ती गेली कुठे? ती कुठे गेली, किंवा कुठे नेली गेली, हे पाहू लागले की मग तिसऱ्या धड्यातील गुलामगिरीचा प्रश्नही वेगळ्याच बाजूने समोर येतो.

हे सारे एका खंडाच्या पसाऱ्यात सांगू गेले तर हाती काही लागत नाही. म्हणून एकच समाज घेऊ. त्याचे नाव चेरोकी.

'रेड इंडियन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला घोडेस्वार येतो. डोक्यावर पिसांचा मुकुट, हातात भाला, मागे कातड्याचा तंबू. हे चित्र पश्चिमेकडील गवताळ मैदानांतल्या काही समाजांचे, आणि तेही युरोपीयांनी घोडा आणल्यानंतरचे. कोलंबसाच्या आधीच्या उत्तर अमेरिकेत मोठी गावे होती, शेती होती, दूरदूरचा व्यापार होता. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस, आजच्या सेंट लुई शहरासमोर, काहोकिया नावाचे नगर होते. इसवी सन १०५० ते १२०० च्या सुमारास तिथे दहा ते वीस हजार माणसे राहत असावीत, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. तिथला मातीचा मुख्य उंचवटा आजही शंभर फूट उंच उभा आहे, आणि तो टोपल्यांनी माती वाहून रचलेला आहे. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके एकाच वाफ्यात घ्यायची त्यांची रीत होती. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, भोपळ्याची पाने जमिनीची ओल राखतात. आपण ज्या मक्याची कणसे पावसाळ्यात भाजून खातो तो मूळचा त्याच खंडातला, आणि ज्या मिरचीवाचून आपले पान हलत नाही तीही तिकडचीच. दोन्ही पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आपल्याकडे आल्या.

चेरोकी लोक आग्नेयेकडील अॅपलेशियन डोंगरांच्या दक्षिण टोकाशी, म्हणजे आजच्या जॉर्जिया, टेनेसी, दोन्ही कॅरोलिना आणि अलाबामा या राज्यांच्या मुलखात राहत. त्यांची सात कुळे होती आणि कूळ चाले ते आईकडून. घर बायकोचे, शेतही तिच्या कुळाचे. नवरा तिच्या घरी राहायला येई, आणि मुलांना वळण लावायचे काम बापापेक्षा मामाकडे असे. दक्षिण कानड्यातील अळियसंतान पद्धती ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. जमीन कोणा एकाची नसे. ती साऱ्या समाजाची, कसणाऱ्याने कसावी. पुढच्या साऱ्या रामायणाचे मूळ या एका समजुतीत आहे.

१५४० मध्ये स्पॅनिश सरदार दे सोतो या भागातून गेला. नंतर इंग्रज व्यापारी आले. हरणाच्या कातड्याच्या बदल्यात बंदूक, कापड, भांडी आणि दारू असा व्यवहार सुरू झाला. १७३८-३९ मध्ये देवीची साथ आली आणि निम्मे चेरोकी त्यात गेले, असे मानतात. १७६३ मध्ये इंग्लंडच्या राजाने अॅपलेशियन डोंगरांच्या पलीकडे वसाहतवाल्यांनी वस्ती करू नये, असा हुकूम काढला. वसाहतवाल्यांच्या राजावरील रागाची जी कारणे होती त्यांत हा हुकूम एक होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात येत नाही. चहावरील कर येतो. साहजिकच १७७६ मध्ये बहुसंख्य चेरोकी राजाच्या बाजूने लढले आणि वसाहतींच्या फौजांनी त्यांची गावे व उभी पिके जाळली. ज्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान असल्याचे म्हटले आहे, त्याच जाहीरनाम्यात राजावरील आरोपांच्या यादीत या मूळ रहिवाशांना निर्दय रानटी ठरविले आहे. एकाच कागदावर दोन्ही.

स्वातंत्र्यानंतर वॉशिंग्टनच्या सरकारने नवे धोरण आखले. या लोकांशी तह करायचे, आणि त्यांना नांगर, चरखा, माग देऊन 'सुधारायचे'. १७९१ च्या तहात तसे कलमच आहे. त्यामागे हिशेबही होता. शिकार सोडून शेतीला लागले म्हणजे त्यांना जमीन थोडी पुरेल, आणि उरलेली आपल्याला मिळेल. चेरोकींनी सुधारणा पत्करली, पण हिशेबाचा दुसरा भाग मात्र पत्करला नाही. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत त्यांचे कित्येकशे तरुण जनरल अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने, क्रीक समाजातील बंडखोरांविरुद्ध लढले. काहींनी नदी पोहून जाऊन शत्रूच्या होड्या पळविल्या आणि लढाईचे पारडे फिरले. जॅक्सनचे नाव ज्या विजयांनी देशभर झाले त्यांतला हा पहिला मोठा. त्या लढाईत एका पायाने अधू असलेला, चांदीचे दागिने घडविणारा एक माणूसही होता. त्याचे नाव सिक्वोया.

या सिक्वोयावर थोडे थांबले पाहिजे. त्याला इंग्रजी बोलता येत नव्हते, वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदाच्या पानावर खुणा करतात आणि दूरच्या माणसाला त्यांचे बोलणे कळते, एवढेच त्याने पाहिले होते. अशा कागदांना चेरोकी 'बोलकी पाने' म्हणत. पुष्कळांना ती जादू वाटे. सिक्वोयाला ती युक्ती वाटली. १८०९ च्या सुमारास तो कामाला लागला. आधी त्याने एकेका शब्दाला एकेक चिन्ह करून पाहिले. चिन्हे हजारांत गेली आणि लक्षात राहीनात. शेजारीपाजारी त्याला वेडा म्हणू लागले. बायकोने सगळे बाड चुलीत घातले, अशीही कथा आहे. मग त्याने शब्द सोडले आणि कान लावून आवाज ऐकायला सुरुवात केली. आपली भाषा मोजक्याच आवाजांच्या तुकड्यांनी बनली आहे, तेच तुकडे फिरून फिरून येतात, हे त्याला उमगले. १८२१ पर्यंत त्याची लिपी तयार झाली. शहाऐंशी चिन्हे, पुढे एक गळून पंच्याऐंशी.

मराठी वाचकाला या लिपीची कल्पना इंग्रजी वाचकापेक्षा लवकर येईल. ती सुटी व्यंजने-स्वर लिहिणारी लिपी नव्हे. 'ग', 'गे', 'गी' असे पूर्ण उच्चार लिहिणारी आहे. फरक इतकाच की आपल्या बाराखडीत मूळ अक्षर तेच राहते आणि काना-मात्रा-वेलांटी बदलते. सिक्वोयाच्या लिपीत 'गा'चे चिन्ह वेगळे, 'गे'चे वेगळे, दोहोंत काही साम्य नाही. सहा स्वर, त्यांतला एक आपल्या अनुस्वारासारखा नाकातला. काही चिन्हे इंग्रजी अक्षरांसारखी दिसतात पण त्यांचा उच्चाराशी संबंध नाही. इंग्रजी 'डी'सारखे दिसते ते 'अ', 'आर'सारखे दिसते ते 'ए', 'डब्ल्यू'सारखे 'ला' आणि 'झेड'सारखे 'नो'. इंग्रजी येणाऱ्याला ती लिपी वाचताना ठेच लागते. चेरोकी मुलाला लागत नाही.

ही लिपी त्याने प्रथम आपल्या लहान मुलीला, आयोकाला शिकविली. समाजाच्या मुखियांपुढे बाप आणि मुलगी यांना वेगवेगळ्या जागी बसवून, एकाला सांगितलेला मजकूर दुसऱ्याकडून वाचवून घेतला गेला, अशी हकीकत आहे. ती पटली आणि लिपी वणव्यासारखी पसरली. पंच्याऐंशी चिन्हे पाठ झाली की चेरोकी बोलणाऱ्याला शुद्धलेखन वेगळे शिकावे लागत नव्हते. शाळा नाही, शिक्षक नाही. माणसे एकमेकांकडून घराच्या पायरीवर बसून शिकली. पश्चिमेस आर्कान्सामध्ये आधीच स्थलांतर केलेल्या नातलगांना पत्रे जाऊ लागली. शिक्षकाच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे वाचून थोडे खजील व्हायला होते. एखाद्या समाजाच्या बाहेरून न येता, निरक्षर माणसाच्या एकट्याच्या डोक्यातून पूर्ण लिपी निघाल्याची उदाहरणे जगात फारच थोडी आहेत.

लिपीमागोमाग छापखाना आला. आणि इथे आपला, मराठीचा, संबंध येतो. अमेरिकेत १८१० साली 'अमेरिकन बोर्ड' ही मिशन संस्था निघाली. तिचे दोन पाद्री, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरले. आपण ज्याला अमेरिकन मराठी मिशन म्हणतो ते हे. मुंबईतील त्यांचा छापखाना, नगरची त्यांची मुलींची शाळा, १८४२ मध्ये निघालेला 'ज्ञानोदय' ही सारी त्याच झाडाची फळे. निर्णयसागरचे जावजी दादाजी खिळ्यांचे काम शिकले ते याच मिशनच्या छापखान्यात. त्याच बोर्डाने १८१७ मध्ये चेरोकींच्या मुलखात ब्रेनर्ड येथे शाळा उघडली. मुंबईच्या आणि ब्रेनर्डच्या मिशनऱ्यांना सूचना जात त्या एकाच कचेरीतून. त्या बोर्डाचा पहिला चिटणीस सॅम्युएल वूस्टर १८२१ मध्ये वारला तो चेरोकींच्या मुलखातच, ब्रेनर्डला. पुढे त्याच नावाचा त्याचा पुतण्या पाद्री होऊन १८२५ मध्ये चेरोकींत गेला. बोस्टनमध्ये सिक्वोयाच्या लिपीचे खिळे पाडून घेण्याच्या कामी त्याने पुढाकार घेतला. ते खिळे आणि छापखाना न्यू एकोटा या चेरोकींच्या राजधानीत पोहोचले आणि २१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फिनिक्स' या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला. इंग्रजी आणि चेरोकी, असा दोन भाषांत. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले ६ जानेवारी १८३२ ला, तेही दोन भाषांत. म्हणजे मराठीच्या पहिल्या वृत्तपत्राआधी जवळजवळ चार वर्षे.

संपादक होता ईलायस बूडिनॉट. पंचवीस-सव्वीस वर्षांचा चेरोकी तरुण. कनेक्टिकटमधील कॉर्नवॉल येथे अमेरिकन बोर्डाच्याच शाळेत शिकलेला. त्याने त्या गावच्या हॅरिएट गोल्ड या गोऱ्या मुलीशी १८२६ मध्ये लग्न केले, तेव्हा गावकऱ्यांनी त्या दोघांचे पुतळे जाळले आणि थोड्याच काळात ती शाळाही बंद पडली. सुधारा म्हणणाऱ्यांना सुधारलेला माणूस किती जवळ आलेला चालतो याची त्याला तिथे ओळख पटली असावी. तरीही तो संपादकाच्या खुर्चीवर मोठ्या आशेने बसला.

१८२७ मध्ये चेरोकींनी अमेरिकेच्या धर्तीवर लिखित राज्यघटना केली. दोन सभागृहे, न्यायालय, मुख्य प्रमुख. १८२८ मध्ये जॉन रॉस मुख्य प्रमुख झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे १८६६ पर्यंत, त्याने ती जागा सोडली नाही. लिपी, वृत्तपत्र, घटना, शाळा, नांगर. जे जे मागितले होते ते ते झाले. जॉर्जिया राज्याचे डोके फिरले ते नेमके यामुळे. शिकार करीत हिंडणारा 'रानटी' आज ना उद्या हलविता येतो. घटना करून बसलेला शेतकरी कसा हलवायचा? त्यात १८२८-२९ मध्ये चेरोकींच्या जमिनीत सोने सापडले. जॉर्जियाने कायदा केला की चेरोकींची घटना व कायदे रद्दबातल, आणि गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष चालणार नाही. जमिनीची मोजणी करून गोऱ्या नागरिकांना सोडत काढून वाटप सुरू झाले. राष्ट्राध्यक्ष होता अँड्र्यू जॅक्सन, हॉर्सशू बेंडचा तोच. मे १८३० मध्ये त्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा करून घेतला. प्रतिनिधिगृहात मते पडली १०२ विरुद्ध ९७. इतकी थोडी तफावत होती, हेही सांगितले पाहिजे. गोऱ्या अमेरिकेत विरोध करणारे नव्हते असे नाही. पाच मते इकडची तिकडे झाली नाहीत.

चेरोकी लढले ते न्यायालयात. १८३१ च्या पहिल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 'देशांतर्गत अवलंबित राष्ट्र' ठरविले आणि दावा ऐकण्यास नकार दिला. दुसरा खटला वूस्टरचा. जॉर्जियाने फर्मान काढले होते की चेरोकींच्या मुलखात राहणाऱ्या गोऱ्यांनी राज्याशी निष्ठेची शपथ घेऊन परवाना घ्यावा. अकरा जणांना चार वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली. नऊ जणांनी माफी पत्करली. वूस्टर आणि डॉ. बटलर यांनी नाकारली आणि ते तुरुंगात गेले. ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश मार्शल याने निकाल दिला की चेरोकी हे वेगळे राष्ट्र आहे, त्याच्या सीमेत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. पुरा विजय. न्यू एकोटात आनंदीआनंद झाला.

आणि पुढे काहीच झाले नाही. मार्शलने निकाल दिला, आता त्यानेच तो अमलात आणावा, अशा अर्थाचे एक वाक्य जॅक्सनच्या तोंडी घातले जाते. तो तसे बोलल्याचा समकालीन पुरावा नाही. ते छापून आले ते तीस वर्षांनंतर. पण न बोलताही ते अमलात आले. जॉर्जियाने निकालाकडे ढुंकून पाहिले नाही, दोघे पाद्री जानेवारी १८३३ पर्यंत तुरुंगातच राहिले, आणि शेवटी सुटले ते निकालाने नव्हे, गव्हर्नरच्या माफीने. आयोग, निवाडे, दावे यांचे कागद पाहत ज्यांचे आयुष्य गेले त्या आपल्या सीमाभागातील वाचकाला निकाल आणि अंमल यांतले अंतर मी वेगळे समजावून सांगायला नको. मात्र तुलना इथेच थांबवावी. चेरोकींवर पुढे जे आले त्याच्याशी आपल्या गाऱ्हाण्याची बरोबरी करणे शोभणार नाही.

निकालानंतर बूडिनॉटचे मन फिरले. न्यायालय जिंकून जमीन राहत नसेल तर चांगल्या अटींवर निघून जावे, निदान माणसे वाचतील, असे त्याला वाटू लागले. मेजर रिज आणि त्याचा मुलगा जॉन रिज यांचेही तेच मत झाले. जॉन रॉसने सांगितले की राष्ट्राच्या वृत्तपत्रात स्थलांतराच्या बाजूचा मजकूर येणार नाही. बूडिनॉटने १८३२ मध्ये राजीनामा दिला. संपादकाने वाचकांना खरी परिस्थिती सांगू नये तर काय करावे, हा त्याचा प्रश्न होता. आणि घराला आग लागलेली असता घरातले मतभेद वेशीवर टांगावेत काय, हा रॉसचा. मला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. एवढे दिसते की जनता रॉसच्या बाजूची होती.

२९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटात रिज-बूडिनॉट गटाच्या मोजक्या लोकांनी अमेरिकन सरकारशी तह केला. पूर्वेकडील सारी जमीन पन्नास लाख डॉलर्सना दिली. राष्ट्राच्या प्रमुखाची सही त्यावर नव्हती. रॉसने पंधरा हजारांहून अधिक नावांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला नेला. त्याच वर्षीच्या शिरगणतीत पूर्वेकडील चेरोकींची एकूण संख्या १६,५४२ होती, म्हणजे अर्जात पोराबाळांचीही नावे आली असावीत. सिनेटने तह मंजूर केला तो एका मताच्या आधिक्याने. सरकारला जेव्हा हवा तेव्हा तह हा 'राष्ट्रा'शी झालेला असतो, मग सही कोणाचीही असो.

मुदत संपली मे १८३८ मध्ये. जनरल स्कॉट सुमारे सात हजार सैनिक घेऊन आला. माणसांना जेवणावरून, शेतातून उठवून लाकडी कुंपणांच्या तळांत कोंडण्यात आले. त्या उन्हाळ्यात तळांतच हगवणीने आणि तापाने पुष्कळ मेली. मग रॉसने निदान प्रवासाची व्यवस्था आमच्या हाती द्या, म्हणून परवानगी मिळविली. शरद ऋतूत तांडे निघाले. आठशे ते हजार मैल, काही गाड्यांतून, बहुतेक पायी, भर हिवाळ्यात. मिसिसिपीच्या काठी बर्फामुळे होड्या चालेनात, तेव्हा उघड्यावर मुक्काम पडले. सुमारे चार हजार माणसे या साऱ्यात गेली असे सामान्यतः मानतात. जॉन रॉसची बायकोही वाटेतच वारली. इतिहासात त्या वाटेला 'अश्रूंची वाट' म्हणतात.

आता या कथेतील ती गोष्ट, जी मला सांगायला जड जाते. त्या तांड्यांत सामान वाहणारी, लाकडे फोडणारी, रस्ता मोकळा करणारी काळी माणसेही होती. ती चेरोकींचे गुलाम होती. १८३५ च्या ज्या शिरगणतीचा उल्लेख वर केला तिच्यातच १,५९२ गुलामांची नोंद आहे. नांगर आणि चरख्याबरोबर सुधारणेच्या पुडक्यात हेही आले होते. मळा करायचा तर गुलाम पाहिजेत, हे शेजारच्या गोऱ्यांचे गणित. शंभरातील सात-आठ घरांकडेच गुलाम होते, पण ती घरे पुढाऱ्यांची होती. रिजकडे होते, रॉसकडे होते. १८२७ च्या घटनेत आफ्रिकी वंशाच्या माणसाला मत नाही, पद नाही, असे कलम आहे. ज्या समाजात घर बायकोचे असे, त्या समाजाच्या नव्या घटनेत बायकांनाही मत नव्हते. अमेरिकेची घटना त्यांनी फार प्रामाणिकपणे उतरविली होती.

नव्या मुलखात, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, पहिले काम झाले ते सूडाचे. राष्ट्राच्या संमतीवाचून जमीन विकणाऱ्याला देहान्त, असा चेरोकींचा कायदा होता. २२ जून १८३९ या एका दिवशी मेजर रिज, जॉन रिज आणि बूडिनॉट यांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठार करण्यात आले. तीस वर्षांपूर्वी याच गुन्ह्यासाठी एका मुखियाला मारण्यात मेजर रिजचा स्वतःचा हात होता. तहावर निशाणी करताना आपण आपल्या मरणपत्रावर सही करीत आहोत, याची त्याला जाणीव होती असे सांगतात. बूडिनॉटला मारले ते वूस्टरच्या घराजवळ. वूस्टरही पश्चिमेला आला होता, छापखाना घेऊन. बूडिनॉटचा धाकटा भाऊ स्टँड वेटी वाचला. त्याचे नाव पुन्हा येईल.

टॅलेक्वा येथे नवी राजधानी झाली, शाळा निघाल्या, १८४४ मध्ये पुन्हा दोन भाषांतले वृत्तपत्र सुरू झाले. १८४२ मध्ये एक घटना घडली ती या उभारणीच्या वर्णनात सहसा येत नाही. जोसेफ व्हॅन या चेरोकी मळेवाल्याचे जॉर्जियातील टुमदार विटांचे घर जॉर्जियाने हिसकावले होते. त्याने पश्चिमेस येऊन गुलामांच्या बळावर नवा मळा उभा केला. त्या मळ्यावरील वीसपंचवीस गुलाम एका रात्री कुलपे लावून, घोडे-बंदुका घेऊन मेक्सिकोच्या दिशेने निघाले. मेक्सिकोत गुलामगिरी नव्हती. चेरोकी राष्ट्राने पाठलागासाठी शिबंदी पाठविली आणि त्यांना पकडून आणले. चार वर्षांपूर्वी हाकलून आणलेल्यांनी पळणाऱ्यांना हाकलून परत आणले.

इकडे पूर्वेस, चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ, चिकसॉ यांच्या सोडविलेल्या जमिनींवर कापूस उभा राहिला. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाल्यापासून दक्षिणेला जमीन आणि गुलाम या दोहोंची भूक लागली होती. १७९० मध्ये अमेरिकेत गुलाम होते सुमारे सात लाख, १८६० मध्ये झाले चाळीस लाखांच्या घरात. जॅक्सनच्या काळातील हकालपट्टी आणि लिंकनच्या काळातील युद्ध हे दोन धडे वेगळे नव्हेत असे मी म्हणतो ते यामुळे. याच कापसाची न्यू ऑर्लिन्स जातीची सरकी १८४० च्या दशकात कंपनी सरकारने आपल्या शेजारच्या धारवाड भागात पेरविली, आणि 'धारवाड-अमेरिकन' ही जात बाजारात आली. पुढे युद्धात दक्षिणेची बंदरे अडविली गेल्यावर मुंबईत कापसाला सोन्याचे मोल आले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच पेढ्या कोसळल्या, ते सर्वांना ठाऊक आहे.

युद्ध आले तेव्हा चेरोकी राष्ट्रात गुलाम होते सुमारे अडीच हजार. रॉसने तटस्थ राहण्याचा प्रयत्न केला. चहूकडून कोंडी झाल्यावर ऑक्टोबर १८६१ मध्ये त्याने दक्षिणेशी तह केला. १८६२ मध्ये उत्तरेची फौज आली आणि रॉस पूर्वेकडे गेला. त्याच्या अनुयायांनी फेब्रुवारी १८६३ मध्ये दक्षिणेशी केलेला तह मोडला आणि आपल्या राष्ट्रातील गुलामांना मुक्त केल्याचा कायदा केला. लिंकनच्या १ जानेवारीच्या जाहीरनाम्यात ज्या राज्यांची नावे होती त्यांत हा मुलूख नव्हताच. स्टँड वेटी मात्र दक्षिणेच्या बाजूने लढत राहिला आणि सेनापती झाला. लीने शरणागती पत्करली ती ९ एप्रिल १८६५ ला. दक्षिणेच्या सेनापतींपैकी सर्वांत शेवटी शस्त्र ठेवले ते या चेरोकीने, २३ जून १८६५ रोजी. त्याच्या भावाच्या खुनाला सव्वीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. दोन्ही बाजूंनी एकमेकांची गावे जाळली होती. दोन चेरोकी गटांचे हे युद्ध १८३५ च्या त्या सहीपासूनच चालू होते, असेही म्हणता येईल.

अमेरिकेतील गुलामगिरी गेल्याचे आपल्याकडे ज्याने मनावर घेतले तो माणूस जोतीराव फुले. १८७३ मधील 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. जोतीरावांनी मुलींची शाळा काढण्याआधी नगरला जाऊन पाहिली होती ती अमेरिकन मिशनचीच शाळा. चेरोकींची हकीकत त्यांच्यापर्यंत पोहोचली असती तर अर्पणपत्रिकेत त्यांनी आणखी काय लिहिले असते, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. असो.

१८६६ च्या तहात अमेरिकेने चेरोकी राष्ट्राकडून एक कलम लिहवून घेतले. मुक्त केलेले गुलाम आणि त्यांचे वंशज यांना मूळ चेरोकींचे सर्व हक्क राहतील. ज्या वर्षी हा तह झाला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉन रॉस वॉशिंग्टनमध्ये वारला. कलम कागदावर राहिले. पुढे जमिनींचे खाजगी वाटप करताना सरकारनेच दोन याद्या केल्या, एक 'रक्ताने' चेरोकी असणाऱ्यांची आणि दुसरी मुक्त गुलामांची. २००७ मध्ये चेरोकी मतदारांनी घटनादुरुस्ती करून दुसऱ्या यादीतील लोकांच्या वंशजांचे नागरिकत्व काढून घेतले. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने १८६६ चे कलम काढून दाखविले आणि नागरिकत्व परत दिले. या खेपेस निकाल नुसता कागदावर राहिला नाही. तो मानला गेला, आणि २०२१ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या घटनेतून 'रक्ताने' हा शब्दच काढून टाकला.

सिक्वोयाची लिपी आजही टॅलेक्वाच्या रस्त्यांच्या पाट्यांवर आहे, आणि २०१० पासून मोबाईल फोनवरही आहे. भाषा मात्र अडचणीत आहे. ती आईकडून शिकलेली माणसे दोन हजारांच्या आसपास उरली, त्यांतही बहुतेक वयस्क. २०१९ मध्ये चेरोकींच्या तिन्ही समाजांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. आता तिथे लहान मुलांच्या शाळेत पहिल्या दिवसापासून चेरोकीतूनच बोलतात, आणि फळ्यावर 'डी'सारखे दिसणारे अक्षर काढून बाई मुलांकडून म्हणवून घेतात, 'अ'.